ब्रोकोलीचं जंगल, आरशाची नदी

‘जॉब सोडतो आणि गावाला जाऊन राहतो’ हा मेसेज आपल्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी पडतोच. थॉमस गेन्सबरो या इंग्लिश चित्रकारानं तो अडीचशे वर्षांपूर्वी पत्रातून पाठवला होता. पोर्ट्रेट काढून कंटाळलोय, आवडतं वाद्य घेऊन एखाद्या खेड्यात जावं, निसर्गचित्रं रंगवावीत आणि उरलेलं आयुष्य निवांत घालवावं, असं त्यानं विल्यम जॅक्सन या संगीतकार मित्राला कळवलं.

गेला का? छे! उलट १७७४ मध्ये बाथ सोडून तो थेट लंडनला आला. घर चालायचं ते श्रीमंतांच्या चेहऱ्यांवर. पोर्ट्रेटसाठी येणारी बडी मंडळी त्याच्या घरात रांगेनं लावलेल्या निसर्गचित्रांकडे ढुंकूनही बघायची नाहीत, अशी आठवण सांगितली जाते.

मग खेडंच त्यानं घरात आणलं, टेबलावर! कोळसा आणि दगडाचे तुकडे म्हणजे खडक, वाळू-माती म्हणजे जमीन, शेवाळ म्हणजे झुडपं आणि लांबचं जंगल म्हणून चक्क ब्रोकोली. पाण्याच्या जागी आरशाचे तुकडे. (दिवाळीत किल्ला करणाऱ्यांना ही आयडिया ओळखीची वाटेल.) हा देखावा समोर ठेवून तो चित्र रचायचा.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधलं ‘माउंटन लँडस्केप विथ ब्रिज’ बघा. ११३ बाय १३३ सेंटिमीटरचं हे तैलचित्र १७८३-८४च्या सुमाराचं. पूल, खालून वाहणारं पाणी, मागे डोंगर. १७८३ मध्ये तो लेक डिस्ट्रिक्टला फिरून आला होता, म्हणजे डोंगर त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. तरी हा पूल नकाशात शोधू नका. ही जागा मनातली आहे.

आणि खरी खेडी? त्याच काळात पार्लमेंट एकामागून एक कायदे करून गावांच्या सामाईक जमिनींना कुंपण घालत होतं. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नव्हती, त्यांनी गाय चारायची कुठे? गेन्सबरोची गुरं मात्र पाणवठ्यावर निवांत पाणी पितात. ही चित्रं सुंदर आहेत, पण ती गावात राहणाऱ्यानं नाही, शहरात अडकलेल्यानं काढलीत. गुराख्याला विचारलं असतं तर त्यानं कदाचित आधी कुंपण काढलं असतं. त्याला विचारलं कोणी?

रंगवण्याची त्याची पद्धत मात्र भन्नाट. लांबलचक काठीला ब्रश बांधून तो दुरूनच रंग लावायचा. त्यामुळे जवळून पाहिलं तर नुसते फराटे दिसतात. पानं नाहीत, लाटा नाहीत. गॅलरीच्या साइटवर हे चित्र फुकट डाउनलोड होतं. झाडांवर जमेल तेवढं झूम करा, मग झूम काढून मोबाइल हातभर लांब धरा.