थांबावंसं वाटतं, थांबता येत नाही

सिहोरा हे जबलपूर जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, जबलपूर-कटनी मार्गावर, जबलपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. एवढ्या गावात कोण कोणत्या डॉक्टरच्या बाकावर बसला होता, ही बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचते. अशा ठिकाणी एखाद्या संसारी माणसाला बायको झोपल्यावर तास-दोन तास मोबाइलवर अश्लील व्हिडिओ पाहिल्याशिवाय चैन पडत नसेल, त्यापायी झोप आणि कामावरचं लक्ष उडालं असेल, अनोळखी बायकांशी चॅटिंग करण्यात पैसे जात असतील आणि शंभरदा शपथ घेऊनही ते सुटत नसेल, तर त्यानं बोलायचं कोणाशी? मित्रांमध्ये थट्टा होईल. घरात भडका उडेल. मग डोळ्यांसमोर उरते ती रुळांलगतच्या भिंतीवर रंगवलेली जाहिरात: 'गुप्त रोग', 'बचपन की गलतियाँ', 'शर्तिया इलाज'.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे. तरी उत्तर भारतात रेल्वेनं फिरणाऱ्या कोणालाही त्या भिंती नव्या नाहीत. तिथं विकली जाते ताकद, आणि या माणसाचं दुखणं तर वेगळंच आहे. तो तिथून पुड्या घेऊन बाहेर पडतो, खिसा हलका होतो आणि आपण लहानपणीच काहीतरी बिघडवून बसलो ही अपराधाची भावना मात्र दुप्पट होते.

या दुखण्याला आता वैद्यकशास्त्रात नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्यात 'कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर', म्हणजे अनावर लैंगिक वर्तनाचा विकार, प्रथमच स्वतंत्रपणे नोंदला गेला. 'सेक्स अ‍ॅडिक्शन' हा शब्द त्याआधीच रुळला होता. अमेरिकेतल्या पॅट्रिक कार्न्स यांच्या १९८३ च्या पुस्तकानंतर तो घरोघरी पोचला. पण हे दारूसारखं व्यसन आहे की आवेग न आवरण्याचा विकार, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. आरोग्य संघटनेनं त्याला आवेग-नियंत्रणाच्या विकारांत बसवलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या आपल्या यादीत अशा विकाराचा प्रस्ताव स्वीकारला नव्हता.

निदान करताना 'आठवड्यातून किती वेळा' हा हिशेब कामाचा नाही. आवेग वारंवार उठतात आणि आवरत नाहीत, हे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चाललेलं असतं. तब्येत, घर, जबाबदाऱ्या मागे पडून आयुष्य त्या एकाच गोष्टीभोवती फिरू लागतं. सोडायचे प्रयत्न फसतात. नुकसान दिसत असूनही, आणि पुष्कळदा त्यातून सुख मिळेनासं झालं तरीही, माणूस तेच करत राहतो. शेवटची खूण मला सगळ्यांत बोलकी वाटते. मजा मारणारा माणूस आणि हा माणूस यांतला फरक त्या एका ओळीत आहे.

त्याच निकषांत एक इशाराही आहे, आणि आपल्या समाजासाठी तो फार मोलाचा आहे. वागण्यावर ताबा आहे, नुकसान काही नाही, पण 'हे पाप आहे' म्हणून जीव तळमळतो, एवढ्यावरून विकाराचं निदान करायचं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून असं दिसलं, की ज्यांना पॉर्न पाहणं नैतिकदृष्ट्या चूक वाटतं, ती माणसं थोडंच पाहत असली तरी स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता अधिक असते. आपल्याकडं १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 'धात सिंड्रोम'चं वर्णन केलं: वीर्य गेलं म्हणजे शक्ती गेली या धास्तीनं खरोखर खंगत जाणारे तरुण. हस्तमैथुन करणाऱ्या विशीतल्या मुलाला बहुधा उपचार लागत नाहीत, माहिती लागते. ती कोणी धड दिली तर एका भेटीत काम होतं.

ही माहिती देण्याची किंमत मराठी माणसानं एकदा कोर्टात मोजलेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, नवराबायकोतल्या अडचणी, जे कोणी कोणाला विचारत नव्हतं ते लोक कर्व्यांना लिहून विचारत. १९३४ मध्ये या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक बंद पडलं नाही. पुढं मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांच्या पुढाकारानं लैंगिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. 'यात विचारण्यासारखं काय आहे' असं मराठी घरात कोणी म्हणालं, तर या परंपरेची आठवण करून द्यावी.

समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय होतं, याची धास्ती सगळ्यांत मोठी असते. लोकांना वाटतं, आत गेलं की खरडपट्टी निघणार. प्रत्यक्षात पहिला तास बहुतेक प्रश्नांतच जातो. झोप कशी आहे, दारू किती, पैशाची चणचण आहे का, हे कधी सुरू झालं, कोणत्या वेळी हात मोबाइलकडं जातो, त्याच्या अर्धा तास आधी काय घडलेलं असतं. भांडण, कंटाळा, साहेबांनी केलेला अपमान, घरी एकटं असणं. उत्तर बहुधा यांत कुठंतरी सापडतं. मग डॉक्टर आणखी काही चाचपून पाहतात. एखाद्याची कामेच्छा अचानक उफाळली, सोबत झोप उडाली, बोलणं आणि खर्च सुसाट झाला, तर तो बायपोलर आजारातला उन्माद असू शकतो. कंपवातावरच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनीही कामेच्छा अशी उफाळू शकते. साठीतले आजोबा एकाएकी असं वागू लागले, तर 'या वयात काय हे थेर' म्हणण्याआधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. तोडगा कधीकधी त्या चिठ्ठीतच असतो. पण गोळी घरच्या घरी बंद करायची नाही.

उपचारांचा कणा म्हणजे बोलण्याचे उपचार. आवेग लाटेसारखा चढतो आणि त्याला बळी पडलं नाही तरी ओसरतो, हे माणसाला आधी पटवून द्यावं लागत नाही, अनुभवायला लावावं लागतं. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणं, एकांताचे धोक्याचे तास ओळखून ते भरणं, पैशाचे व्यवहार उघडे ठेवणं, अशा बारीकसारीक गोष्टींवर खूप काम होतं. मागच्या जखमा, लहानपणचा लैंगिक अत्याचार, दडलेलं नैराश्य वर आलं तर त्यावर वेगळं काम. नैराश्यावरची काही औषधं आणि नाल्ट्रेक्सोन यांचा मनोविकारतज्ज्ञ कधीकधी उपयोग करतात, पण या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. मध्येच घसरण होते. तिच्याकडून शिकायचं असतं. ती लपवली की मात्र जुनं चक्र पुन्हा सुरू होतं.

मदत घ्यायला येतात किती? संशोधक बेआता ब्योते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ देशांतल्या ८२,२४३ जणांची ऑनलाइन पाहणी केली आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात ४.८४ टक्के लोकांना या विकाराचा मोठा धोका दिसला. त्यांतल्या जेमतेम १४ टक्क्यांनी कधी उपचारांसाठी मदत मागितली होती. ती माणसं स्वखुशीनं पाहणीत उतरलेली, म्हणून हा आकडा साऱ्या समाजाला लावता येत नाही. पुरुषांचं प्रमाण जास्त असलं तरी बायकाही त्यात आहेत, आणि त्यांच्यावर लाजेचा पहारा अधिक कडक असतो.

आता बायकोचं. बहुतेक घरांत तिला हे कळतं ते अपघातानं: उघडा राहिलेला चॅट, बँकेचा मेसेज, नाहीतर व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे मागणाऱ्या टोळीची धमकी. (अशा धमकीला पैसे द्यायचे नाहीत, १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार करायची.) त्यानंतरचे तिचे महिने भयंकर असतात. झोप लागत नाही, मागची दहा वर्षं ती पुन्हा पुन्हा तपासत बसते, हा प्रवासाला गेला होता तेव्हा खरं काय होतं? आणि नेमकं त्याच वेळी सासूबाई म्हणतात, 'तूच जरा नीटनेटकी राहत जा.' हे वाक्य कोणत्याही घरात उच्चारलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्याचं वागणं तिच्या रूपामुळं सुरू झालेलं नसतं आणि तिच्या साडीनं थांबणारही नसतं. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हाही तसलाच उपाय. त्यात एका अजाण मुलीला औषध म्हणून वापरलं जातं.

तिला सगळं सांगायचं का? सांगायचं, पण कसं, याला महत्त्व आहे. आज थोडं, पकडला गेल्यावर आणखी थोडं, असं हप्त्याहप्त्यानं बाहेर आलेलं सत्य सर्वाधिक घायाळ करतं. म्हणून जाणता समुपदेशक दोघांशी आधी वेगवेगळं बोलतो, तिला काय आणि किती जाणून घ्यायचंय ते विचारतो, आणि मग एका बैठकीत ते सांगायला लावतो. एक गोष्ट मात्र त्या बैठकीसाठी थांबवून ठेवता येत नाही. बाहेर शरीरसंबंध आले असतील तर दोघांची तपासणी आधी. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत आणि गुप्तपणे होते. धोका ७२ तासांच्या आतला असेल तर प्रतिबंधक औषधंही देता येतात. रोज त्याचा फोन तपासण्याची पोलिसगिरी तिच्यावर टाकू नये; ती त्यात झिजते आणि तो लपवण्यात तरबेज होतो.

पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालवला, कारण नवऱ्याच्या उपचाराला जोडलेलं शेपूट म्हणून बायकोकडं पाहून भागत नाही. इथंही तेच लागू आहे. तिचा समुपदेशक वेगळा असावा. राहायचं की निघायचं हे तिनं ठरवायचं, आणि ते पहिल्या महिन्यात ठरवायची तिच्यावर सक्ती नसावी. बळजबरी, मारहाण किंवा लैंगिक छळ होत असेल तर मात्र विषय समुपदेशनाचा उरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. मुलांना धोका असेल तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही.

सिहोऱ्याच्या माणसाला हे मिळेल कुठं? जबलपूरला नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. लोक त्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतात. मध्यप्रदेशात जिल्हा रुग्णालयांत 'मनकक्ष' सुरू केलेले आहेत. गावापासून दूर असणं हे इथं सोयीचंच. केसपेपर काढताना शेजारचे काका भेटत नाहीत. ज्याच्याकडं जायचं तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल, तर भारतीय पुनर्वसन परिषदेची त्याची नोंदणी विचारावी. विचारण्यात अपमान काही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. कोणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडून.

जायची हिंमत होत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. मोफत, चोवीस तास, हिंदीत आणि मराठीतही. समोरच्याला सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'एक सवय आहे, लैंगिक, मला ती थांबवता येत नाही आणि घर मोडायला आलंय,' एवढं पुरेसं आहे. पुढचे प्रश्न तो विचारतो, आणि गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो.