घरी वजने आणताना

घरच्या व्यायामासाठी वजने घेताना बहुतेक जण आधी प्लेटा मोजतात. मी लॉक पाहायला सांगतो. माझ्या पहिल्या बारचा लॉक सैल होता. पाच किलोची प्लेट निसटून अंगठ्यावर आली. नख गेले, महिनाभर चप्पलही घालवेना.

प्लेटा वेगळ्या घ्यायच्या असल्यास बार दुकानात सोबत न्यावा. स्पर्धेच्या २० किलोच्या बारची टोके ५० मिलिमीटर जाड असतात, घरगुती बार बराच बारीक. मोठ्या भोकाची प्लेट त्यावर डुगडुगते.

बाकावर निजून बार उचलताना जवळ कोणीतरी उभे हवेच. एकट्याने करायचे तर हलक्या डंबेलची जोडीच बरी. हात थकले तर बाजूला सोडता येतात. रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी मात्र दुकानाआधी डॉक्टर गाठावा.