बिनतारी यंत्र घरात कोणते व कोठे असावे?

पूर्वी घरी रेडिओ आला म्हणजे त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे, आणि तो रेडिओ सोप्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा जागी, विणलेला रुमाल पांघरून बसविला जाई. आज वायफायच्या यंत्रास असा परवाना लागत नाही. सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा आणि २०१८ साली अधिक विस्ताराने ५ गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा त्यासाठी परवानामुक्त केला. परंतु यंत्र सोप्यात मिरविण्याची आमची जुनी खोड काही गेली नाही. त्या खोडीपायी आमच्या घरी काय घडले आणि नवे राउटर घेताना आम्ही काय शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे असे योजिले आहे.

पूर्णा आणि केळणा यांच्या संगमावरील जाफराबादेत आमचे जुन्या बांधणीचे घर आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर, त्यालगत स्वयंपाकघर आणि अगदी मागे एक खोली. भिंती दगड व पांढऱ्या मातीच्या, दीड हात रुंद. सोप्यावर माळवद काढून अलीकडे स्लॅबची एक खोली चढविलेली. फायबरची तार आली तेव्हा ती जोडणाऱ्या माणसाने, तार जेथून आत शिरली तेथेच, म्हणजे सोप्यात, आपला डबा ठोकला आणि तो निघून गेला. आम्हांसही ते शोभिवंत वाटले.

पुढे तक्रारी सुरू झाल्या. वरच्या खोलीत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या नातीचा पाठ ऐन मध्यावर थबके. मागच्या खोलीत तर लहरींचा मागमूसही नसे. ती खोली आमच्या वडील भगिनींची, आम्हां सर्वांच्या आक्कांची. त्यांचा मुलगा परदेशी असतो, आणि त्याचा फोन पहाटे येतो. खोलीत चेहरा दिसत नाही म्हणून आक्का सोप्यात येऊन, चहा पिणाऱ्या आम्हां सर्वांच्या मध्ये बसून बोलत. मुलाने काहीही विचारले तरी उत्तर एकच, “बरं आहे रे, काळजी करू नकोस.” आक्का मितभाषी आहेत, असे आम्ही समजून चाललो होतो.

अशात नातवाने सहा शिंगांच्या एका यंत्राचे चित्र दाखविले. पिढी सातवी, किंमत बारा हजार रुपये. आता पैसे मोजावयाचे ते आम्ही. तेव्हा निदानावाचून औषध नको, असे आम्ही म्हटले.

पहिली परीक्षा तारेची. डब्याला तारेने संगणक जोडून वेग मोजला. आमची वर्गणी १०० मेगाबिटांची, आणि वेग भरला ९४. म्हणजे बाहेरून येणारा प्रवाह निर्दोष होता. येथेच वेग कमी भरला असता, तर तक्रार फायबर पुरविणाऱ्याकडे करावी लागली असती; नवे यंत्र घेऊन काही साधले नसते. दुसरी परीक्षा खोल्यांची. मोबाईल हाती घेऊन खोलीखोलीत तोच वेग मोजला आणि वहीत टिपला. माजघरात २०, वरच्या खोलीत कधी ८ तर कधी ३, आणि मागे शून्य. तिसरी परीक्षा गरजेची. स्पष्ट चित्रपट पाहावयास एका माणसाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात, समोरासमोरच्या संभाषणास त्याहूनही थोडे. तेव्हा दहाबारा माणसांच्या घराला १०० मेगाबिट अपुरे म्हणता येत नाहीत. तात्पर्य, दोष तारेचा नव्हता, वर्गणीचाही नव्हता. दोष भिंतींचा आणि जागेचा होता.

लहरी भिंत ओलांडतात हे खरे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यास भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. परंतु भिंत ओलांडताना लहरीचे बळ खर्ची पडते. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. पहिली संथ, पण दूर पोचणारी. दुसरी वेगवान, पण दगडामातीपुढे लवकर थकणारी. यास्तव घेतलेल्या यंत्रात दोन्ही असावयास हवीत. शिंगे सहा असली म्हणून बळ सहापट होत नाही, कारण यंत्राने किती जोराने बोलावे यास कायद्याची मर्यादा आहे. शिवाय संवाद दुहेरी असतो. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली, तरी मोबाईलचे क्षीण उत्तर त्याच्या कानी पडले पाहिजे.

पिढ्यांचेही असेच. चौथ्या पिढीचे मानक २००९ सालचे, पाचवीचे २०१३ चे, सहावीचे २०२१ चे. सातवीच्या यंत्रांना प्रमाणपत्रे २०२४ पासून मिळू लागली. सहाव्या पिढीचा मोठा गुण असा की, ती पुष्कळ उपकरणांना एकाच वेळी वाटणी करून देते. एकत्र कुटुंबास तो उपयोगी आहे. परंतु मोबाईल पाचव्या पिढीचा असेल, तर राउटर सातव्या पिढीचे असूनही काम पाचवीच्याच चालीने होते. आमच्या घरी बहुतेक मोबाईल पाचवीतले.

सबब बारा हजारांचे एक यंत्र न घेता, सहाव्या पिढीची, दोन्ही पट्ट्यांची, मध्यम किमतीची दोन यंत्रे घेतली आणि ती एकमेकांस तारेने जोडली. तारेवाचून नुसती री ओढणारी जी स्वस्त यंत्रे मिळतात, त्यांतील पुष्कळांचा निम्मा वेळ ऐकण्यात व निम्मा सांगण्यात जातो. त्यामुळे वेग जवळजवळ अर्ध्यावर येतो. साधी जाळ्याची तार मात्र १०० मीटरपर्यंत वेग टिकवून धरते. फायबरवाल्याचा डबा काढावयाचा नसतो, कारण प्रकाशाचे विजेत रूपांतर तोच करतो. फक्त त्याचे वायफाय बंद करून नवे यंत्र त्यास जोडावे.

संस्कृतात देहलीदीपन्याय प्रसिद्ध आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आत आणि बाहेर दोहींकडे उजेड देतो. त्या न्यायाने एक यंत्र सोप्यातून उचलून माजघराच्या मागच्या दारावर, चौकटीच्या उंचीवर बसविले. दुसरे वरच्या खोलीत नेले. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि मायक्रोवेव्हची भट्टी यांच्यापासून ते दूर ठेवावे. वर्गणी १०० मेगाबिटांहून अधिक असेल, तर यंत्राची तारेची भोके गिगाबिटची आहेत ना, हे पाहून घ्यावे. २०१८ पासून आलेली डब्ल्यूपीए-३ ही कुलपाची पद्धत त्यात असावी, आणि पेटीवर छापलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. वीज वारंवार जात असेल, तर राउटरची लहान बॅटरी मिळते. तिचे व्होल्ट आणि यंत्राचे व्होल्ट एकच हवेत. डबा व राउटर दोहोंस ती पुरली पाहिजे, नाहीतर एक जागे आणि एक झोपलेले, अशी गत होते.

यंत्रे बसविल्यावर वही घेऊन पुन्हा खोल्या फिरलो. वरच्या खोलीत वेग ८० च्या पुढे गेला. मागच्या खोलीत २६ भरला. आकडा लहान, पण बोलण्यास पुरून उरणारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का चहाला आल्या नाहीत. त्यांच्या खोलीचे दार लोटलेले होते आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. सून चहा घेऊन निघाली, तिला आम्ही थांबविले. पाऊण तासाने आक्का बाहेर आल्या. डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा. मायलेकांचे काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. मितभाषी त्या कधीच नव्हत्या. त्यांना बोलावयास जागा नव्हती, आणि ती आम्हीच अडविली होती.

यंत्र घेण्यापूर्वी वेग जरूर मोजावा; परंतु तो सोप्यात मोजू नये. घरात ज्याचे कोणी विचारीत नाही, त्याच्या खोलीत आधी मोजावा.