वाशिष्ठीचे खोरे : घाटमाथ्यापासून खाडीमुखापर्यंत

पावसाळा सरल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी परशुरामाच्या डोंगरावरून खाली पाहिले असता वाशिष्ठीचे खोरे दृष्टीस पडते. हिरव्या भातखाचरांतून वळणे घेत जाणारे रुपेरी पात्र, मध्ये माडांची बेटे, काठाला चिपळूणची दाट वस्ती आणि पूर्वेस सह्याद्रीची निळसर भिंत. प्रवासी येथे थांबतात, छायाचित्र घेतात व पुढे जातात. हेच सुंदर पात्र चिपळूणकरांच्या चिंतेचा विषय का झाले आहे, हे समजण्यासाठी मात्र नदीबरोबर घाटापासून समुद्रापर्यंत चालत यावे लागते.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, तिवरे परिसरात उगम पावणारी ही नदी प्रारंभी अतिशय उताराची आहे. घाटातील पऱ्ये आणि ओढे पोटात घेत ती वेगाने खाली येते. चिपळूणजवळ मात्र तिचा उतार जवळजवळ संपतो. शहराला लागून असलेल्या गोवळकोटपर्यंत समुद्राची भरती पोहोचते. पुढे खेडकडून आलेली जगबुडी मिळते, पात्र रुंदावते आणि दाभोळपाशी ते अरबी समुद्रास मिळते. वरून वेगाने येणारे पाणी आणि खालून चढणारी भरती यांची गाठ पडते, ती नेमकी चिपळूणच्या परिसरात.

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही या खोऱ्यातील अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. सच्छिद्र जांभा दगड पाणी शोषतो, परंतु धरून ठेवत नाही. उरलेले पाणी तीव्र उतारावरून काही तासांत खाडीला मिळते. विशेष म्हणजे त्याच दिवसांत खाली वाशिष्ठी मात्र वाहती असते. हे पाणी कोयनेचे! कोयना मूळची पूर्ववाहिनी, कृष्णेची उपनदी. तिचे अडविलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळविण्यात आले आणि 1962 साली पोफळी येथे वीजनिर्मिती सुरू झाली. चारही टप्पे व धरणपायथ्याचे वीजगृह मिळून या प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट आहे. पोफळीचे अवजल कोळकेवाडी धरणात साठते, अलोरे येथे पुन्हा वीज देते आणि मग वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास दिलेली वार्षिक मर्यादा 67.5 अब्ज घनफुटांची होती; यावरून या पाण्याचे प्रमाण ध्यानी यावे. त्यातील थोडेच खोऱ्याच्या कामी येते. बाकीचे समुद्रास मिळते.

या नदीने एके काळी दूरदेशीचा व्यापार पाहिला आहे. बहामनी आणि विजापूरच्या काळात दाभोळ हे कोकणातील अग्रगण्य बंदर होते. अरबस्तान व इराणचे घोडे येथे उतरत, कापड आणि मसाले बाहेर जात. रशियन प्रवासी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासास येथूनच निघाला. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने हे नगर जाळले. दाभोळ पुन्हा उभे राहिले. शिवछत्रपतींच्या राज्यातही ते आले. परंतु गोवा, सुरत आणि पुढे मुंबई यांच्याकडे व्यापार वळला तो वळलाच. खाडीकाठची शाही मशीद त्या वैभवाची साक्ष देत आजही उभी आहे.

खाडी ज्याच्या हाती, खोरे त्याच्या हाती, हे राज्यकर्त्यांनी जाणले होते. मुखाशी अंजनवेल आणि आत गोवळकोट हे किल्ले म्हणूनच महत्त्वाचे. 1745 मध्ये तुळाजी आंग्रे यांनी दोन्ही किल्ले सिद्दीकडून घेतले व त्यांची नावे गोपाळगड आणि गोविंदगड अशी ठेवली. (दाभोळच्या नावाने गाजलेला वीजप्रकल्पही प्रत्यक्षात या अंजनवेलच्या तीरावर, गुहागर तालुक्यात आहे.) पुढे आगबोटींच्या काळात मुंबईचा उतारू दाभोळला उतरून लहान बोटीने, भरतीची वेळ साधून, गोवळकोटच्या धक्क्याला लागत असे.

आज त्या मार्गाने मोठे पडाव नेणे कठीण आहे, कारण पात्र उथळ झाले आहे. घाटउतारावरील वृक्षतोड, रस्ते व खाणींसाठी फोडलेले डोंगर यांमुळे सुटलेली माती उतार संपतो तेथेच बसते. नदीत ठिकठिकाणी गाळाची बेटे तयार झाली. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत चिपळूण बुडाले होते. 22 जुलै 2021 रोजी त्याहून भीषण महापूर आला. डोंगरात प्रचंड पाऊस, पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे भरतीही मोठी. बाजारपेठेत काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. 1864 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनालयातही पाणी शिरले. कोळकेवाडीच्या विसर्गाविषयी नंतर पुष्कळ वाद झाला. त्याआधी, 2 जुलै 2019 च्या रात्री, तिवरे येथील धरण फुटून वीसहून अधिक माणसे दगावली होती. खोऱ्याचा माथा आणि पायथा, दोन्ही ठिकाणी पाण्याने प्राण घेतले.

महापुरानंतर नागरिकांनी उपोषणाचा मार्ग पत्करला आणि पात्रातील गाळ काढण्याचे काम शासनाने व नाम फाउंडेशनने हाती घेतले. ते आवश्यकच होते. तथापि वरची माती सुटत राहिली, तर यंत्रे दरवर्षी आणावी लागतील. उपसलेला गाळ काठावरच रचला, तर पहिल्या मोठ्या पावसात तो पुन्हा पात्रात जाईल, हे सांगण्यास अभियंत्याची गरज नाही. दुसरा प्रश्न पूररेषांचा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची ती लाल. या रेषांमुळे शहरातील बांधकामे अडतात, म्हणून त्यांविषयी नाराजी आहे; आणि ती समजण्यासारखी आहे, कारण चिपळूणची जुनी बाजारपेठच सखल भागात वसलेली आहे. मात्र वरच्या अंगाच्या गावात ओढ्यात टाकलेला भराव किंवा उतारावर तोडलेले रान कोणत्याही रेषेत दिसत नाही. त्याची नोंद प्रथम होऊ शकते ती त्या गावच्या ग्रामपंचायतीतच.