प्रवेशपरीक्षांचे गणित आणि वऱ्हाडातील विद्यार्थी

बारावीच्या गुणपत्रिकेवर मुलाचे भवितव्य ठरते, ही समजूत वऱ्हाडातील अनेक घरांत अद्याप दृढ आहे. दर्यापूरचा कापूस पिकविणारा शेतकरी असो की वरुडचा संत्राबागाईतदार, बोर्डात मुलाला ऐंशी टक्के मिळाले की पेढे वाटतो. आणि पुढे महिन्याभरात त्याच मुलाला हवे ते महाविद्यालय मिळत नाही, तेव्हा कुठेतरी अन्याय झाला, अशी त्याची खात्री होते. अन्याय झालेला असतो हे खरे. परंतु तो त्याला वाटतो त्या ठिकाणी झालेला नसतो. मुलगा दोन वर्षे ज्या परीक्षेची तयारी करीत होता, ती प्रवेशाची परीक्षा नव्हतीच, ही गोष्ट त्याला वेळेवर कोणी सांगितलेली नसते.

महाराष्ट्राने 1999 मध्ये सामाईक प्रवेशपरीक्षेचा मार्ग धरला. वैद्यकीय प्रवेश 2017 पासून पूर्णतः 'नीट' या अखिल भारतीय परीक्षेवर सोपविले गेले. राज्यातील अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी या शाखांसाठी राज्याची सीईटी आहे, तर आयआयटी व एनआयटी यांचा रस्ता जेईईतून जातो. बारावीचे गुण आता बव्हंशी केवळ पात्रतेपुरते उरले आहेत. एमबीबीएससाठी खुल्या प्रवर्गास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून 50 टक्के आणि राखीव प्रवर्गास 40 टक्के गुण असले की पात्रतेचा प्रश्न मिटतो. गुणवत्ता यादी मात्र निराळ्याच तराजूवर तोलली जाते.

हे तराजू परस्परांपासून किती भिन्न आहेत, हे समजून घेणे अगत्याचे आहे. 2025 च्या नीटमध्ये तीन तासांत 180 प्रश्न होते व एकूण गुण 720. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. म्हणजे बरोबर आणि चूक यांतील अंतर पाच गुणांचे होते. उलट सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा होय. सीईटीचा सुमारे 80 टक्के भाग बारावीच्या आणि 20 टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो; नीटमध्ये अकरावीला बारावीइतकेच महत्त्व आहे. अकरावीचे वर्ष विश्रांतीचे मानणारा विद्यार्थी नीटचा अर्धा डाव पहिल्याच वर्षी हरून बसतो.

सर्वांत मोठा घोटाळा 'पर्सेंटाइल' या शब्दाने केला आहे. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून विद्यार्थ्याची तुलना त्याच सत्रातील इतरांशी केली जाते. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण नव्हेत. त्या सत्रातील शंभरांपैकी नव्वद जण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा टक्केवारी समजून आनंद करणाऱ्या घरांत प्रवेशफेरीच्या दिवशी निराशा येते.

परीक्षा समजली तरी स्पर्धा सोपी होत नाही. 2025 मध्ये 22 लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी विभागवार 70:30 चे सूत्र होते, तोवर विदर्भातील विद्यार्थ्यास आपल्या विभागातील जागांवर संरक्षण मिळत असे. 2020 मध्ये ते सूत्र रद्द झाले. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील राज्याच्या वाट्याच्या जागेसाठी तेल्हाऱ्याच्या मुलीला आता लातूर, पुणे व मुंबईच्या विद्यार्थ्यांशी सामना करावा लागतो. तिला त्यांच्याही विभागाची दारे उघडी झाली, हे मान्य केले पाहिजे. 2024 मध्ये अमरावती, बुलढाणा व वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, हीही समाधानाची बाब होय. पण दारे वाढली तरी दारापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी नाही.

ती वाट आज शिकवणीवर्गांतून जाते. अकोला शहरात वऱ्हाडभरातून मुले खोल्या घेऊन राहतात. वर्गाचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खानावळ यांसाठी घरची बैलजोडी किंवा शेताचा तुकडा जातो. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, आणि अध्ययन मात्र अन्यत्र, अशी व्यवस्था ठिकठिकाणी रूढ झाली आहे. ज्याला शुल्क परवडत नाही, तो ओस पडलेल्या वर्गात बसतो. धारणी-चिखलदऱ्याच्या मुलास तर परीक्षेचा अर्ज, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन क्रीमीलेअर दाखला यांच्या मुदती कळेपर्यंत पहिली फेरी संपलेली असते. गुण असून कागदाअभावी जागा जाणे, ही हानी कोणत्याही गुणवत्ता यादीत दिसत नाही.

याच अमरावतीत 1932 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षणाचे दार दिसावे म्हणून. त्या वारशाचे आजचे कर्तव्य अवघड नाही. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या पहिल्या महिन्यातच पालकांना बोलावून या तीन परीक्षांतील भेद समजावून सांगावा. जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात विनामूल्य ठेवाव्यात. संगणकावर सराव करून घ्यावा आणि दाखल्यांचे काम दहावीच्या निकालानंतर लगेच हाती घ्यावे. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. नियमित वर्ग आणि कळकळीचा शिक्षक लागतो.

परीक्षा कठीण असावी. डॉक्टर आणि अभियंता निवडताना कसोटी सैल ठेवून चालणार नाही. पण कसोटी बुद्धीची असावी, माहितीची व पैशाची नव्हे. कोरडवाहू शेतातील मुलगा चुकीच्या उत्तरामुळे मागे राहिला, तर तो पुन्हा उभा राहील. प्रश्नच कोणता होता हे त्याला ठाऊक नव्हते म्हणून तो मागे राहिला, तर तो दोष त्याचा नव्हे. ते न सांगणाऱ्या समाजाचा होय.