नॅप ऑफ हॉवर : पाच हजार वर्षांपूर्वीचे दगडी घर

घर बांधावयाचे म्हटले की सिमेंट, पोलाद आणि विटा यांचा हिशेब प्रथम मांडला जातो. यांपैकी काहीही उपलब्ध नसताना उभारलेले एक घर स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी द्वीपसमूहातील पापा वेस्ट्रे या बेटावर आजही पाहावयास मिळते. ‘नॅप ऑफ हॉवर’ या नावाने ते ओळखले जाते. इ. स. पूर्व सुमारे ३७०० ते २८०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. वायव्य युरोपात टिकून राहिलेल्या दगडी घरांत ते सर्वांत प्राचीन समजले जाते. गिझाच्या थोरल्या पिरॅमिडहूनही ते सुमारे हजार वर्षांनी जुने आहे.

ऑर्कनीत लाकूड दुर्मिळ, दगड मात्र विपुल. आणि तोही थराथरांनी सुटून सपाट फरशा देणारा. या फरशा कोकणातील गडग्याप्रमाणे चुन्या-मातीवाचून एकावर एक रचलेल्या आहेत. परंतु खरे कौशल्य भिंतीच्या पोटात आहे. आत व बाहेर दगडांचे दोन पदर उभारून मधल्या पोकळीत शिंपले, हाडे आणि कुजलेल्या कचऱ्याची माती भरलेली आहे. या भरावामुळे बोचरा वारा अडला आणि घरात ऊब टिकली. टाकाऊ वस्तूचे मोल त्या अनाम गवंड्यांनी असे ओळखले होते.

येथे शेजारी-शेजारी दोन वास्तू असून त्यांना जोडणारी बुटकी वाट आहे. मोठ्या घराचा अंतर्भाग सुमारे १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. उभ्या शिळांनी त्याचे दोन दालनांत विभाजन केले आहे. आतल्या दालनात चूल आणि धान्य दळण्याचा दगड सापडला. धाकट्या वास्तूच्या भिंतींत आपल्याकडील कोनाड्यांसारखे कप्पे आहेत. छप्पर नाहीसे झाले असले, तरी भिंती काही ठिकाणी १.६ मीटर उंचीपर्यंत शाबूत आहेत.

ही वास्तू शतकानुशतके वाळूखाली सुरक्षित राहिली. किनाऱ्याची धूप झाल्याने ती उघडी पडली आणि १९३० च्या दशकात तेथे उत्खनन झाले. पुढे १९७० च्या दशकातील संशोधनाने तिचे वय निश्चित केले. बांधणीच्या वेळी दूर असलेला समुद्र आज तिच्या अगदी समीप आला आहे. ज्या धुपीने हा ठेवा जगापुढे आणला, तीच आता त्याच्या मुळावर येऊ पाहते. पूर्वजांची ठेव हाती येणे हे भाग्य खरे. ती पुढील पिढीच्या स्वाधीन करणे हे मात्र आपले कर्तव्य होय.