नंदी दुप्पट, ताकद किती पट?

तान्ह्या पोळ्याला मारेगावातली पोरं आपापले लाकडी नंदी सजवून मिरवतात. कुणाचा वीतभर, कुणाचा हातभर. यंदा एक करा. एकाच घडणीचे दोन नंदी शोधा, एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट उंच. आता उचला. मोठा भलताच जड लागतो ना? तो उंचीला दुप्पट, लांबीला दुप्पट, रुंदीलाही दुप्पट. म्हणजे लाकूड २×२×२, आठपट! पण पाय आडवा कापला असता तर कापलेली जागा भरली असती फक्त २×२, चौपट. आठपट ओझं, चौपट पाय! गॅलिलिओनं १६३८ सालच्या आपल्या पुस्तकात हेच कोडं उलगडलं होतं.

आपले स्नायूही असेच. त्यांचा जोर जाडीवर ठरतो. त्यामुळे वजन वाढतं त्या मानानं ताकद वाढत नाही, जरा मागे राहते.

हाच हिशोब घेऊन आता वल्हवायला चला! नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं नाव वल्हवत तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. असे खेळाडू सरावाला जमिनीवरचं रोइंग मशीनही वापरतात. दांडा ओढला की पंख्याचं चाक सूंऽऽ करत फिरतं, बूड टेकलेली बैठक मागेपुढे सरकते. पाण्यात वजनदार माणसाची नाव जास्त बुडते, पाणी तिला अडवतं. मशीनवर ती अडचणच नाही, म्हणून तिथे वजनदारांची चंगळ.

समजा, ९० किलोच्या काकांनी २००० मीटर ७ मिनिटांत मारले. ४५ किलोच्या ताईनं किती वेळात मारले तर बरोबरी? काका दुप्पट जड, पण नंदीच्या हिशोबानं ताकद सुमारे १.६ पट. शिवाय पंख्याला दुप्पट वेग द्यायला आठपट ताकद लागते, म्हणून एवढ्या जादा ताकदीतून काकांना वेग मिळतो जेमतेम १.१७ पट. ताईची बरोबरीची वेळ: ८ मिनिटं १० सेकंद. मशीन बनवणारी कॉन्सेप्ट-टू कंपनी वजनाची सूट याच धर्तीवर काढते.

अर्थात माणसं एका साच्यातली नसतात, आणि वजनकाट्याला चरबी कोणती, स्नायू कोणता हे कळत नाही. तरी ताकदीला नुसतं वजनानं भागण्यापेक्षा मला हाच हिशोब न्यायाचा वाटतो.

ताईला लागली ८ मिनिटं ५ सेकंद. सांगा, कोण जिंकलं?